खबऱ्या आणि जागल्या

पालघर, बोईसर, मनोर, डहाणू, तलासरी या भागांतील पोलीस ठाण्यांकडून वर्तमानपत्रांना जीं निवेदनें जातात त्यांत एक वाक्य बहुधा ठरलेलें असतें. गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीवरून सापळा रचण्यांत आला, हें तें वाक्य. महामार्गावर दमणची दारू भरलेला टेम्पो अडविलेला असो, औद्योगिक वसाहतींतून चोरलेल्या मालाचा साठा सांपडलेला असो, कीं एखाद्या चाळींतल्या खोलींतून अमली पदार्थाच्या पुड्या बाहेर निघालेल्या असोत, प्रारंभीं हें वाक्य यावयाचेंच. पुढें पकडणाऱ्या अधिकाऱ्यांचीं नांवें येतात, पकडलेल्यांचीं येतात, मालाची किंमत रुपयांत येते. ज्याच्यामुळें हें सारें घडलें तो गृहस्थ मात्र त्या एका शब्दांत प्रकट होतो आणि तेथेंच लुप्त होतो.

सरकारी कागद त्याला बातमीदार म्हणतो. गांव त्याला खबऱ्या म्हणतें. ज्यांचा माल पकडला गेला ते त्याला जें म्हणतात त्यांतलें पुष्कळसें नभोवाणीवर उच्चारतां येण्याजोगें नाहीं; पण जें उच्चारतां येतें तेंहि थोडें नाहीं, आणि कान देऊन ऐकण्याजोगें आहे.

गुन्हेगारांच्या जगाला स्वतंत्र भाषा असते अशी एक समजूत आहे. तिच्यांत तथ्य थोडें आहे. खरी गुप्त भाषा पाहावयाची तर ती जुन्या बाजारपेठांत पाहावी. तेथें दलाल व वाणी नंदभाषा बोलत. तींत एकाला केवली, तिहींना उधानू, पांचांना मुळू आणि दहांना अंगुळू म्हणत. गिऱ्हाईक समोर बसलेलें असतांना त्याच्या देखत भाव ठरे आणि त्याला पत्ता लागत नसे. संतकाव्यांतहि तिचा विनोदानें उपयोग केलेला आढळतो. मुंबईपासून दमणपर्यंतच्या किनाऱ्यावर टोळ्यांत जी बोली चालते ती या जातीची नव्हे. ती मराठी, हिंदी, गुजराती आणि मोडकें इंग्रजी यांची खिचडी आहे, आणि तिच्यांतले बहुतेक शब्द रोजच्या व्यवहारांतले आहेत. लाखाला पेटी, कोटीला खोका, पिस्तुलाला घोडा. सुपारी तर लग्नाच्या आमंत्रणाची आणि तमाशाच्या फडाला दिलेल्या विसाराची. तीच खुनाच्या कराराला लागली. नंदभाषेनें अनोळखी शब्द निर्माण केले, टोळ्यांनीं ओळखीच्या शब्दांनाच आंतून पोखरलें. कारण उघड आहे. चहाच्या दुकानांत कोणी मुळू म्हणाला तर शेजारचा कान टवकारील. पेटी पोंचली म्हणाला तर डहाणू-घोलवडच्या माणसाला चिकूची पेटी आठवेल.

खबऱ्याविषयींचे शब्दहि असेच उसने घेतलेले आहेत. खबर हें मूळ अरबी. शेवटीं मराठीचा 'या' लागला कीं त्याला थोडी तुच्छतेची किनार येते, जशी आगलाव्या, कळलाव्या, घरभेद्या, चोंबड्या या शब्दांना आहे. मुंबईच्या हिंदींत त्याचाच खबरी होतो, आणि चित्रपटांच्या कृपेनें ज्या घरांत पोलिसाचें पाऊल कधीं पडलें नाहीं तेथील मुलांच्याहि तोंडीं तो आतां बसला आहे. खबऱ्या पोलिसांना माहिती देतो, पण तो पोलिसांचा माणूस नव्हे. बहुधा तो त्याच धंद्याच्या कडेकडेनें वावरणारा असतो: पानाची गादी चालविणारा, रिक्षा हांकणारा, भंगार गोळा करणारा, किंवा एकदां शिक्षा भोगून आलेला. त्याच्याजवळ विकण्यासारखी वस्तु एकच, आणि ती म्हणजे दुसऱ्याचें गुपित.

त्याच्या एक पायरी वर झिरो. झिरो पोलीस म्हणजे पोलीस नसून पोलिसाप्रमाणें वावरणारा खाजगी इसम. हजेरीपटावर त्याचें नांव नाहीं, म्हणून तो शून्य. ना पगार, ना बिल्ला, ना गणवेष. पण ठाण्यांत त्याला खुर्ची असते आणि बाहेर त्याला लोक नमस्कार करतात. लाचेच्या सापळ्यांत अधिकाऱ्याबरोबर असा एखादा खाजगी इसम सांपडल्याच्या बातम्याहि अधूनमधून येतात. लोकांनीं या नांवांत गणित आणि उपहास यांचा फार चांगला मेळ घातला आहे. शून्य आंकड्याशेजारीं उभें राहिलें तर किंमत दसपट होते. एकटें राहिलें तर कांहींच नाहीं.

पंटर हा शब्द याहून चमत्कारिक. इंग्रजींत पंटर म्हणजे शर्यतीवर पैसे लावणारा. मुंबईच्या टोळ्यांत तो हरकाम्या पोऱ्या झाला. पोलिसांच्या तोंडीं तोच शब्द बनावट गिऱ्हाइकाला लागला. मटक्याच्या अड्ड्यावर किंवा पुड्या विकणाऱ्याकडे खुणेच्या नोटा देऊन ज्याला पाठवावयाचें तो पंटर. म्हणजे टोळीचा पंटर आणि पोलिसांचा पंटर हे एकाच दारांत समोरासमोर उभे राहूं शकतात, आणि दोघांनाहि हांक एकच.

पण या सर्वांत अस्सल देशी म्हणावा असा शब्द डबल ढोलकी. त्यांतलें अर्धें इंग्रजी असलें तरी कल्पना फडावरची आहे. ढोलकीला तोंडें दोन. एकाचा बोल उंच, दुसऱ्याचा खर्जांतला, आणि दोन्हीकडून थाप पडल्याखेरीज लावणीला रंग चढत नाहीं. जो पोलिसांना टोळीची बातमी देतो आणि टोळीला पोलिसांची, तो डबल ढोलकी. साध्या मराठींत त्याला दुटप्पी म्हणतां येईल, पण दुटप्पीपणा हा स्वभावाचा दोष झाला. डबल ढोलकी हा व्यवसाय आहे. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत याच माणसाला उभयवेतन म्हटलें आहे, म्हणजे दोन्हीकडून पगार खाणारा. त्याच्यावर कौटिल्याचा तिळमात्र विश्वास नाहीं. त्याची बायकामुलें ताब्यांत ठेवूनच त्याला कामास लावावें असें तो सांगतो. आणखीहि एक नियम त्यानें घालून दिला आहे. तीन हेरांची बातमी एकमेकांशीं जुळली तरच ती खरी मानावी, आणि ज्याची बातमी वारंवार चुकते त्याचा गुपचूप बंदोबस्त करावा.

उभयवेतनाचें अलीकडचें उदाहरण मुंबईकरांच्या चांगलेंच लक्षांत आहे. डेव्हिड हेडली हा अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता. तोच लष्कर-ए-तोयबासाठींहि काम करूं लागला, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यापूर्वीं मुंबईची टेहळणी त्यानें केली. १० डिसेंबर २०१५ रोजीं मुंबईच्या न्यायालयानें त्यालाच माफीचा साक्षीदार करून घेतलें. खबऱ्या, हेर, माफीचा साक्षीदार: तीन निरनिराळे शब्द, माणूस एक.

असल्या शब्दांचे कोश कोणी केले, हेंहि पाहण्यासारखें आहे. विल्यम स्लीमन यानें १८३६ सालीं ठगांच्या गुप्त बोलीचा 'रामसियाना' नांवाचा कोश छापला. त्यांतले शब्द त्याला सांगितले कोणी? जीवदान मिळावें म्हणून सरकारला फितलेल्या ठगांनीं. म्हणजे फुटलेल्या माणसांनींच फुटलेल्या माणसांच्या भाषेचा कोश सिद्ध केला. पुढें १९०८ त केनेडी या पोलीस अधिकाऱ्यानें मुंबई इलाख्यांतील तथाकथित गुन्हेगार वर्गांवर पुस्तक लिहिलें, त्यांतहि जमातवार सांकेतिक शब्द दिलेले आहेत. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा १९२२ त निघालेला अकरावा खंड भटक्या जमातींच्या बोलींचा आहे, आणि शब्दांचीं आद्याक्षरें बदलून किंवा मध्येंच एखादा वर्ण घुसडून बोली दुर्बोध कशी करतात याचीं उदाहरणें तेथें सांपडतात.

या पुस्तकांचें मोल भाषेच्या अभ्यासकाला आहे, हें खरें. परंतु त्यांतल्या कांहींच्या पाठीमागें १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा उभा होता हें विसरतां येत नाहीं. एखाद्या जमातींत जन्मास आला एवढ्यावरूनच माणूस अविश्वासू ठरविणारा तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. कोणत्याहि टोळीनें कोणत्याहि खबऱ्याला दिलेली शिवी एवढी मोठी नव्हती, कारण ती माणसाला दिलेली नसून त्याच्या न जन्मलेल्या नातवंडांनाहि दिलेली होती.

भटक्यांच्या बोलीचा विषय निघाला आहे तर तिनें दूरदेशीं काय केलें तेंहि सांगितलें पाहिजे. लंडनच्या चोरांच्या बोलींत खबऱ्याला नार्क म्हणतात. हा शब्द जिप्सी लोकांच्या रोमानी भाषेंतील नाक या शब्दापासून आला असावा, असें कोशकार मानतात. रोमानी ही मुळांत हिंदुस्थानांतून बाहेर पडलेली भाषा. तिच्यांतलें नाक आणि मराठींतलें नाक हीं एकच. वास काढीत हिंडणारा आणि नको तेथें नाक खुपसणारा हा अर्थ समजावून घेण्यास मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाहीं. अमेरिकेंत त्याच माणसाला ओंडक्यावर बांधलेल्या कबुतराचें नांव आहे. बांधलेलें कबूतर पाहून रानांतलीं कबुतरें खालीं उतरतात आणि जाळ्यांत सांपडतात. आपल्याकडे पारधी पाळलेल्या तित्तिराकडून हेंच काम करून घेतो. पक्षी पक्ष्याला फसवितो तो जातभाई म्हणूनच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण त्याच अनुभवांतून आलेली दिसते; लांकूड नसतें तर लोखंड झाडापर्यंत पोंचलेंच नसतें.

मराठी टोळ्यांत अशा माणसाविषयीं वापरावयाचें क्रियापद एकच आहे: फुटणें. मडकें फुटतें, बांध फुटतो, आणि टोळींतला माणूस फुटतो. आंतला दाब सोसेनासा झाला कीं फुटतो, असें त्यांत एक शास्त्रहि आहे. गंमत अशी कीं न्यायालयाच्या बातम्यांतहि असाच एक शब्द रुळला आहे. सरकार पक्षानें आणलेला साक्षीदार आपल्या पूर्वीच्या जबानीवरून फिरला कीं वर्तमानपत्रें लिहितात, साक्षीदार फितूर झाला. आतां त्याच खटल्याकडे आरोपीच्या पिंजऱ्यांतून पाहावें. तेथून पाहिलें असतां जो साक्षीदार बोलला तो फुटला, आणि जो फिरला तो इमानी राहिला. साक्षीदाराचा पिंजरा तोच, शपथ तीच. इकडून फितूर तो तिकडून शहाणा.

फितूर, फितवा, फितुरी या शब्दांनीं मराठ्यांच्या इतिहासाचे कागद भरलेले आहेत, आणि तेथेंहि हाच घोटाळा आहे. सूर्याजी पिसाळाचें नांव तर शिवीच होऊन बसलें आहे. १६८९ सालीं रायगड मोंगलांच्या हातीं गेला त्यांत त्याचा दोष कितपत होता याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत, पण भाषेनें आपला निकाल केव्हांच देऊन टाकला. उलट बाजूचें उदाहरण या तारापूरच्या किनाऱ्यावरच मिळतें. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत वसईपासून दमणपर्यंतचा हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. चिमाजीअप्पांची मोहीम १७३७ च्या मार्चांत ठाण्यापासून सुरू झाली ती अंजूरच्या गंगाजी नाईक व त्यांचे बंधु यांच्यासारख्या स्थानिक माणसांनीं पुरविलेल्या माहितीच्या आधारावर. कोठें पाणी उथळ आहे, कोठें पहारा ढिला आहे, हें त्यांना ठाऊक होतें. १७३९ च्या जानेवारींत तारापूरचा किल्ला पडला, आणि त्या झुंजींत बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थीं पडले. मे महिन्यांत वसई आली. मराठी बखरीच्या दृष्टीनें अंजूरकर स्वधर्माचे कैवारी. पोर्तुगीज कप्तानाच्या हिशेबीं ते काय असतील तें सांगावयास नको. कृत्य एकच, त्याला लागणारा शब्द मात्र किल्ला कोणाच्या हातीं राहिला यावरून ठरला.

बेचाळीसच्या चळवळींत हा प्रश्न पुन्हा घरोघरीं आला. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि पांच जण हुतात्मे झाले. त्यांची आठवण पालघरच्या हुतात्मा चौकांत आहे. पुढल्या काळांत कार्यकर्ते भूमिगत झाले, आणि गांवोगांव सी.आय.डी. हा शब्द खात्याचें नांव न राहतां माणसाचें विशेषण झाला. कोणीहि कान देऊन ऐकूं लागला कीं तो सी.आय.डी. सातारा भागांत तर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारनें पोलिसांच्या खबऱ्यांना अशा शिक्षा केल्या कीं लोकांनीं प्रतिसरकारचें पत्री सरकार करून टाकलें; पायांना पत्रे ठोकतात ही समजूत त्या नांवांतच बसली.

येथवर पाहिलेले बहुतेक शब्द खरी बातमी नेणाऱ्याला लागणारे आहेत. त्याच्यावर राग आहे तो बातमी खरी निघते म्हणून. पण जो जाणूनबुजून खोटी बातमी पोंचवितो, तीहि दोन्हीकडे दोन तऱ्हांची, त्याला चपखल शब्द मराठींत नाहीं. आणि त्याचें सर्वांत भयंकर उदाहरण याच जिल्ह्यांत घडलेलें आहे.

बोईसरच्या उत्तरेस डहाणू ओलांडलें कीं तलासरीचा मुलूख लागतो. १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथें वारल्यांची सभा झाली आणि जमीनदारांची वेठ करावयाची नाहीं असा निर्धार त्यांनीं केला. लग्नासाठीं घेतलेल्या थोड्याशा कर्जापायीं नवराबायको जन्मभर सावकाराच्या दारांत राबत, अशी त्या वेळची लग्नगड्याची पद्धत होती. ती मोडावयाची होती. शामराव व गोदावरी परुळेकर हे किसान सभेचे पुढारी त्यांच्याबरोबर होते. वारल्यांचा गोदावरीबाईंवर असा विश्वास बसला कीं त्यांच्या नांवानें आलेला निरोप म्हणजे आज्ञा. ज्यांना ही चळवळ नको होती त्यांनीं नेमकें हेंच हेरलें.

१० ऑक्टोबर १९४५ रोजीं पाड्यापाड्यांतून खबर फिरली कीं बाई तलवाड्यास येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, तेव्हां सर्वांनीं लाठ्याकाठ्या घेऊन तेथें जमावें. दुसऱ्या बाजूस अधिकाऱ्यांच्या कानीं असें घालण्यांत आलें कीं वारली हत्यारें घेऊन हल्ला करण्यासाठीं गोळा होत आहेत. दोन्ही बातम्यांना पुरावा तोच एक: जमलेला जमाव. पोलिसांनीं पाहिलें तों हातांत काठ्या असलेले हजारों लोक. लोकांनीं पाहिलें तों बंदुका घेतलेले पोलीस. म्हणजे बाईंच्या जिवाला धोका खराच. पोलिसांनीं गोळीबार केला तरी जमाव पांगेना, कारण बाईंना संकटांत टाकून पळावें कसें, हा त्यांच्यापुढें प्रश्न. बाई तेथें यावयाच्याच नव्हत्या. पांच वारली मारले गेले. त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरी परुळेकर यांनीं या लढ्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालीं निघालेल्या पुस्तकांत सांगितली आहे, आणि १९७२ त त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

तलवाड्याला निरोप घेऊन जो पहिल्यानें धांवला तो बहुधा प्रामाणिक वारलीच असेल. त्याच्यापाशीं लबाडी नव्हती. त्याला निरोप देणाऱ्यापाशीं होती. म्हणून या प्रसंगीं खबऱ्या, फितूर, डबल ढोलकी यांपैकीं एकहि शब्द नीट बसत नाहीं. डबल ढोलकी निदान जें वाजतें तें वाजविते. आणि कौटिल्याचा नियमहि येथें कमी पडला असता, कारण शंभर पाड्यांतून शंभर माणसें तीच बातमी सांगत होतीं, आणि उगम एकच होता.

कायद्याची या माणसाशीं असलेली वागणूक मोठी सावध आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या १२५ व्या कलमान्वयें, गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली हें सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करतां येत नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतहि ही तरतूद राहिली आहे. ती नसती तर एकहि खबऱ्या जिवंत राहिला नसता. पण त्याचाच दुसरा अर्थ असा कीं त्याची उलटतपासणी कधींच होत नाहीं. माफीच्या साक्षीदाराची होते. तो न्यायासनासमोर उभा राहतो, आणि त्याच्याविषयीं कायद्यानें फार स्पष्ट भाषा वापरली आहे: गुन्ह्यांतला साथीदार हा विश्वासास अपात्र समजावा, जोंवर महत्त्वाच्या गोष्टींत त्याच्या सांगण्याला दुजोरा मिळत नाहीं तोंवर. कायद्याच्या पुस्तकांतली ही ओळ आणि टोळीचा त्याच्याविषयींचा अभिप्राय यांत फारसें अंतर नाहीं. तरी दोघेहि त्याच्यावांचून अडतात. सीमाशुल्क खात्यानें तर त्याचा दरहि ठरविला आहे. पकडलेल्या चोरट्या मालाच्या विक्रीच्या निव्वळ उत्पन्नाच्या जास्तींत जास्त २० टक्क्यांपर्यंत बक्षीस खबर देणाऱ्यांना मिळूं शकतें. किनाऱ्यावर सोनें उतरत असे त्या दिवसांत हा व्यवहार मोठा तेजींत होता.

इतकें असूनहि हा सारा विषय सुशिक्षित घरांपासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाहीं. शाळेच्या वर्गांत दुबळ्या मुलाला कोणी छळीत असेल आणि दुसऱ्यानें तें शिक्षकांच्या कानावर घातलें, तर त्या दुसऱ्यालाच सारा वर्ग चहाडखोर म्हणतो; आतां तो खबरी झाला आहे, एवढाच फरक. टोळीचा शब्द घेतला कीं टोळीची नीतिहि थोडी आंत येते. न बोलणें म्हणजे इमान, हा त्या नीतीचा पहिला नियम.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत या नियमाची किंमत लोकांच्या पोटाशीं येऊन भिडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांचा जो निर्देशांक काढला त्यांत तारापूरला ९३.६९ गुण मिळून तें देशांत पहिलें आलें. या परीक्षेंत पहिलें येणें म्हणजे सर्वांत अधिक दूषित ठरणें. येथून वाहणारें पाणी खाड्यांत आणि समुद्रांत जातें, आणि तेथें नांदगांव, आलेवाडी, मुरबे, सातपाटी या गांवच्या कोळ्यांचीं व मांगेल्यांचीं जाळीं पडतात. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें हा प्रश्न २०१६ सालीं राष्ट्रीय हरित लवादापुढें नेला. मेलेला मासा किनाऱ्यावर सर्वांना दिसतो. पण कोणत्या भिंतीआडून, कोणत्या रात्रीं, कोणत्या नळींतून काय सोडलें गेलें, हें आंतल्या माणसाखेरीज कोणाला कळणार? तो आंतला माणूस बहुधा कंत्राटी कामगार. त्यानें मंडळाच्या कार्यालयांत चार ओळी लिहून दिल्या, तर मालकाच्या लेखीं तो फितूर, मुकादमाच्या लेखीं खबऱ्या, आणि ज्याची नोकरी त्यामुळें धोक्यांत येते त्या शेजाऱ्याच्या लेखीं खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. त्यानें पैसे घेतलेले नसतात, कोणाचें गुपित विकलेलें नसतें, खोटें सांगितलेलें नसतें. तरी शब्द तेच लागतात.

अशा माणसासाठीं इंग्रजींत शिट्टी वाजविणारा असा शब्द आहे. मराठी वर्तमानपत्रांनीं त्याचें भाषांतर न करतां एक जुना शब्द पुन्हां उभा केला, ही त्यांची मोठी कामगिरी म्हटली पाहिजे. तो शब्द म्हणजे जागल्या. २७ नोव्हेंबर २००३ रोजीं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणांतील अभियंते सत्येंद्र दुबे यांचा गया येथें खून झाला. महामार्गाच्या कामांतील गैरव्यवहाराविषयीं त्यांनीं पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्र लिहिलें होतें आणि आपलें नांव गुप्त ठेवावें अशी विनंति केली होती; नांव गुप्त राहिलें नाहीं. न्यायालयांत तो खून लुटारूंचा ठरला, तरी अशा माणसांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी देशांत त्यामुळें जोरानें पुढें आली. तो कायदा २०१४ सालीं संमत झाला. पुढें दहा वर्षें उलटलीं तरी तो अमलांत आणण्याची तारीख जाहीर झाली नव्हती.

जागल्या हा देशावरील जुन्या गांवगाड्यांतला रखवालदार. नांवाप्रमाणें गांव निजलें कीं त्यानें जागावयाचें, रात्रीं गस्त घालावयाची, आणि चोराची चाहूल लागली कीं कोणाच्या कानांत न सांगतां साऱ्या गांवाला ऐकूं जाईल असें ओरडावयाचें. चोर गांवांतलाच निघाला तरी त्याचें नांव त्याला चावडीवर पाटलासमोर घ्यावें लागे. त्याच्या कामाचा मोबदला बक्षीस म्हणून गुपचूप हातांत पडत नसे. सुगीच्या दिवसांत तो खळ्यावर जाई, आणि त्याचा धान्याचा वांटा सर्वांच्या देखत मापून त्याच्या पदरांत घातला जाई.